‘लंडनचा कागद’ आणि लुसाकाचे पाळक : एका प्रतिक्रियेला उत्तर

झांबियात बॅप्टिस्ट (स्वतः विश्वास ठेवणाऱ्यांनाच बाप्तिस्मा देणारा प्रॉटेस्टंट पंथ) पाळकांना 1689 चा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कलमवार मांडणी करणारा इंग्लंडमधला दस्तऐवज, शिकवणाऱ्या शिबिरांवर मी लिहिलेल्या लेखाखाली एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. खर्च कोण करतं, इंग्रजी न कळणाऱ्यांचं काय, गांधीजी मिशनऱ्यांबद्दल काय म्हणाले, असं बरंच काही तिच्यात आहे. पण सगळा भर एका वाक्यावर आहे, ते जसंच्या तसं देतो : ‘‘स्वतःचा वारसा असताना बिचाऱ्या आफ्रिकन पाळकांच्या गळ्यात लंडनचा 1689 चा कागद बांधला जातोय, आणि गोऱ्यांच्या या पालखीला तुमच्यासारखे भोई आयतेच मिळतात.’’

मतभेदाचं मला वावडं नाही. पण कुणाला भोई म्हणण्याआधी तो कोण, कुठून आला, एवढी चौकशी तरी करायची होती. माझे आजोबा नगर जिल्ह्यात गावोगाव पायी फिरणारे पाळक होते. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी मिळत नव्हतं आणि साहेबाच्या बंगल्यावर गेलं तर बसायला खुर्ची मिळत नव्हती. दोन्हीकडचा अपमान गिळून त्यांनी उपदेश चालू ठेवला. शाळेत मला पोरं ‘बाटगा’ म्हणायची, तेव्हाही म्हणणं हेच असायचं : हा धर्म तुमचा नाही, तुम्हाला कुणीतरी चिकटवलाय. म्हणजे आजोबांनी स्वतः विचार करून काही स्वीकारलं असेल, ही शक्यताच नाही. तुमची भाषा सुशिक्षित आहे, पण म्हणणं त्या पोरांचंच आहे. तेव्हा गोऱ्यांचा ताठा कसा असतो, हे मला तुम्ही समजावू नये.

आता तो ‘कागद’. 1677 साली हा विश्वासांगीकार निघाला तेव्हा त्यावर कुणाची नावं नव्हती, कारण इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेर उपासना करणं तेव्हा गुन्हा होता. जॉन बन्यन बेडफर्डच्या तुरुंगात 12 वर्षं होता. बेंजामिन कीच या बॅप्टिस्ट उपदेशकाला 1664 मध्ये मुलांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं म्हणून भर चौकात खोड्यात उभं केलं होतं. 1689 मध्ये सहिष्णुतेचा कायदा झाला, तेव्हा कुठे शंभराहून जास्त मंडळ्यांच्या (स्थानिक चर्चच्या) प्रतिनिधींनी लंडनला जमून तो उघडपणे आपला म्हणून जाहीर केला. राजाच्या धर्माने ज्यांना छळलं, त्या लोकांचा हा कागद आहे. त्याला गोऱ्यांची पालखी म्हणताना जरा इतिहास चाळायचा होता.

आणि आफ्रिकेत बॅप्टिस्ट मंडळी आणली कुणी? डेव्हिड जॉर्ज यांनी. व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेला हा माणूस पुढे नोव्हा स्कोशियातल्या शेलबर्नला पाळक झाला. 1784 मध्ये तिथल्या गोऱ्या शिपायांनी दंगल करून काळ्या वस्तीतली घरं पाडली, त्यात जॉर्ज यांचंही घर गेलं, वर त्यांना मारहाण झाली. 1792 मध्ये सुमारे 1,200 माणसांबरोबर समुद्र ओलांडून ते सिएरा लिओनला आले आणि फ्रीटाऊनला त्यांनी मंडळी उभी केली. मराठीचं व्याकरण 1805 साली छापणारे इंग्रज बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी बंगालला पोचले ते 1793 मध्ये. म्हणजे आफ्रिकेतली ही मंडळी केरींच्या भारतातल्या कामाच्याही आधीची! पुढे आजच्या नायजेरियातल्या लॅगोसमध्ये 1888 साली मोजोला अॅगबेबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांपासून वेगळं होऊन नेटिव्ह बॅप्टिस्ट चर्च काढलं. मिशन सोडलं, बॅप्टिस्टपण सोडलं नाही. तुम्ही म्हणता तो ‘स्वतःचा वारसा’ हाच आहे.

नामदेवांचे अभंग गुरु ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून पंजाबी माणूस पंढरपूरचा भोई ठरत नाही.

मी नोकरीनिमित्त झांबियाच्या राजधानीत, लुसाकात राहिलो आहे, तिथल्या मंडळीत बसलो आहे. एका शिबिरात कॉपरबेल्ट या खाणींच्या भागाकडचे एक पाळक उठले आणि म्हणाले, आमच्या गावात एक जण स्वतःला संदेष्टा म्हणवून अभिषेकाचं तेल विकतोय, आता मंडळीही माझ्या ताब्यात द्या म्हणतोय, काय करू? शिकवणाऱ्याने स्वतः उत्तर दिलं नाही. विश्वासांगीकाराचं 26 वं प्रकरण उघडायला सांगितलं. पाळक मंडळीच्या सर्वसंमतीने निवडला जावा, असं त्यात लिहिलंय. त्याच्याच पुढचं कलम पाळकाच्या चरितार्थाचं. त्यावर जी जुंपली! अर्धेअधिक जण मक्याची शेती करून सेवा करणारे. कुणी बेंबात बोलतंय, कुणी न्यांजात, वहीत कलमांचे आकडे लिहिले जातायत, आणि मागे न्शिमा (मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा) आणि कापेंटा मासळी ताटांत निवून चाललीय. हे लोक तुम्हाला बिचारे वाटतात? 1991 च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष चिलुबांनी झांबिया हे ख्रिस्ती राष्ट्र असल्याचं जाहीर केलं. अशा देशात, माणसाच्या विवेकाचा धनी एकटा देव आहे हे सांगणारं 21 वं प्रकरण पाळकाला ठाऊक असणं किती गरजेचं आहे, हे पुण्या-मुंबईत बसून कळणार नाही. लुसाकाच्या कबवाता बॅप्टिस्ट चर्चचे कॉनरॅड म्बेवे शिक्षणाने खाण अभियंता. 1987 पासून ते तिथे पाळक आहेत आणि हाच विश्वासांगीकार उघडपणे शिकवतात. त्यांच्या गळ्यात तो कुणी बांधला, सांगाल?

इंग्रजीचा मुद्दा रास्त आहे. खेड्यातल्या पाळकाला दिवसभर इंग्रजी ऐकणं जड जातं. मान्य.

गांधीजींचं म्हणाल, तर फेब्रुवारी 1908 मध्ये जोहान्सबर्गला मार खाऊन पडलेल्या गांधीजींना घरी नेऊन त्यांची शुश्रूषा करणारे जोसेफ डोक बॅप्टिस्ट पाळकच होते. 1909 साली गांधीजींचं पहिलं चरित्र त्यांनीच लिहिलं, आणि त्यांची मुलं क्लेमंट आणि ऑलिव्ह पुढे आजच्या झांबियातल्या लांबा लोकांत कामाला गेली. अर्धवट दाखले देऊ नका.

राहिला खर्च. मी पाहिलेल्या शिबिरांत पाळक आपापल्या भाड्याने येत, जेवणाचं मंडळ्या बघत, बाहेरून यायची ती पुस्तकं. हे मूळ लेखात लिहिलं होतं, तुम्ही तिथपर्यंत पोचलेले दिसत नाही. तो भाग वाचा आणि मग हवं तेवढं लिहा. तुमची आताची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, पुढचीही काढणार नाही.