मुंबईत खिडक्या चोवीस तास बंद ठेवायच्या का?

गेल्या हिवाळ्यापासून एक मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा आला, परवा मुलुंडच्या मावशीनेही पाठवला. त्याचं म्हणणं असं: मुंबईची हवा विषारी झाली आहे, म्हणून खिडक्या चोवीस तास बंद ठेवा, एसी लावला की खोलीत ताजी हवा येते, मनी प्लांट ठेवा, तो हवा शुद्ध करतो, खिडकी उघडली की डेंग्यू, आणि पावसाळ्यात तर उघडूच नका, भिंतींना बुरशी येते. मावशीने तेव्हापासून हॉलची खिडकी उघडलेली नाही. मला हे बघवत नाही, म्हणून लिहितेय.

बाहेरची हवा वाईट, हा मुद्दा अर्धा खरा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मुंबईची हवा खरोखर बिघडते. थंडीच्या सकाळी जमिनीलगतची हवा गार असते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ खालीच अडकते. त्या वेळी वाराही जमिनीकडून, मंद असतो. पण दुपारी जमीन तापली की ते झाकण उठतं आणि समुद्रावरून वारा सुटतो. म्हणजे तीच खिडकी सकाळी सातला बंद हवी आणि दुपारी दोन-तीनला सताड उघडी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ नावाचं अॅप आहे, त्यात आपल्या जवळच्या केंद्राची हवा बघता येते. समोरच टॉवरचं काम चालू असेल तर काम थांबल्यावर उघडा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर डॉक्टर सांगतील तसं करा. चोवीस तास बंद ठेवायला मात्र यातलं काहीच कारण होत नाही.

कारण बंद घरातली हवा येते कुठून? फटींतून बाहेरचीच येते, आणि तिच्यात आपण भर घालतो. लाल मिरची टाकून फोडणी दिली की बेडरूममधल्या माणसालाही ठसका लागतो. तो धूर, गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड, संध्याकाळची अगरबत्ती, रात्रीची मच्छर कॉइल, सगळं आतच फिरत राहतं. मावशीकडे गेले तेव्हा आदल्या दिवशी तळलेल्या बोंबलांचा वास उशीच्या अभ्र्याला येत होता. आणि आपला श्वास? बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत साधारण ४२० भाग असतो. दोन माणसं दारं-खिडक्या लावून झोपली की तो काही तासांत हजाराच्या वर जातो. सकाळी डोकं जड होतं त्याचं हेही एक कारण असू शकतं. घरात कुणाला क्षय असेल तर बंद खोली आणखी वाईट, खोकल्यातून उडालेले जंतू तिथे तासन्‌तास तरंगत राहतात.

एसीबद्दलचा गैरसमज तर मला सुशिक्षित घरांतही दिसतो. स्प्लिट एसीच्या बाहेरच्या डब्यापासून आत जी नळी येते तिच्यात हवा नसते, गार करणारा वायू असतो. आतलं यंत्र खोलीतलीच हवा ओढतं, गार करतं आणि परत सोडतं. एअर प्युरिफायरही धूळ पकडतो, कार्बन डायऑक्साइड नाही.

या शहराने वाऱ्यासाठी रस्ते कापले आहेत, हे आपण विसरलो. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड त्याने दाटीच्या वस्तीतून काढले, त्यामागे समुद्राचा वारा आत पोचावा हाही हेतू होता. प्लेग कोंदट हवेने येतो असं तेव्हा वाटायचं. तो खरं तर उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो, पण वस्तीला वारा मिळाला तो मिळालाच. गिरगावातल्या आमच्या चाळीत मी तो अनुभवलाय. पुढचं दार गॅलरीत उघडायचं, मागची खिडकी वाडीच्या बाजूला. दुपारी तीनच्या सुमारास आधी भिंतीवरचं कॅलेंडर फडफडायचं, मग पडदा फुगून खोलीत यायचा, आणि वारा फिरला की सुळकन मागे जाऊन गजांना चिकटायचा. आजी तेव्हा जमिनीवर नुसती चटई टाकून पडायची, पंखासुद्धा बंद करायला सांगायची. तसली झोप मला एसीत कधी लागली नाही. आताच्या फ्लॅटमध्ये एका खोलीला एकच खिडकी, तीही सरकती, अर्धीच उघडणारी. म्हणून बेडरूमचं दार आणि स्वयंपाकघराची खिडकीही उघडी ठेवते. हवेला यायला वाट लागते तशी जायलाही लागते.

मनी प्लांटचा दावा १९८९ च्या नासाच्या प्रयोगावरून आला आहे. तो प्रयोग छोट्या हवाबंद पेटीत झाला होता. खोलीत खिडकीइतकं काम व्हायला कुंड्यांचं जंगल लागेल.

आणि त्याच मनी प्लांटच्या बाटलीतल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. एडिस नावाचा हा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो: फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरची उघडी टाकी. तो चावतोही दिवसा. खिडकी बंद करून आतला डास कसा जाणार? दर आठवड्याला ते पाणी ओता आणि खिडकीला जाळी लावा. जाळीने वारा थोडा अडतो, तेवढं चालतं.

राहिला पावसाळा. जुलैत बाहेरची हवा दमट असते, हे खरं. पण आंघोळीची वाफ, कुकरची वाफ, हॉलमध्ये दोरीवर वाळत घातलेले कपडे, हे पाणी घरातच कोंडलं की भिंतीत आणि कपाटामागे जाऊन बसतं. बुरशीचे काळे ठिपके आधी तिथेच दिसतात. पाऊस पश्चिमेकडून तिरका येतो, म्हणून मी पश्चिमेची खिडकी लावते आणि स्वयंपाकघराची पूर्वेची वीतभर उघडी ठेवते. पाण्याचा थेंब आत येत नाही, ओल्या मातीचा वास मात्र ओट्यापर्यंत येतो. मावशी, तुझीही एक खिडकी पूर्वेलाच आहे.