सराव टाळून केक सजवण्याची पक्की पद्धत

केकवर गुलाब काढायला सराव लागतो, असं कोणी सांगितलं तर नम्रपणे मान डोलवा आणि क्रीमच्या पिशवीच्या टोकाला बसवायच्या ५२ नोझलांचा संच मागवा. त्यातली तीन-चारच तुमच्या हाताला लागणार आहेत: फुलासारखे वळसे काढणारं '१एम', पाकळीचं '१०४', पानाचं एक आणि अक्षरांचं बारीक गोल. बाकीची ओट्यावर मांडून फोटो काढायच्या कामी येतात. फोटो टाकला की ऑर्डरी येतात. हात नंतर बसेल, घाई काय?

सराव करणारी मंडळी कशी असतात ते एकदा बघून घ्या. डालडा आणि पिठीसाखर फेटतात, कुकरचं भांडं उपडं घालतात आणि त्याच्या पाठीवर शंभर वेळा एकच शिंपली काढतात. मग सगळं खरवडून परत पिशवीत भरतात. एवढंसं मिश्रण, त्यावर आठ दिवस काढतात! गुलाबासाठी तर चपट्या डोक्याचा खिळा घेतात, त्यावर बटर पेपरचा चौकोन चिकटवतात, डाव्या हाताच्या बोटांत खिळा फिरवतात आणि '१०४'ची रुंद बाजू खाली धरून एकेक पाकळी लावत बसतात. ना केक, ना मेणबत्ती, ना टाळ्या. असलं निष्काम कर्म आपल्याला झेपायचं नाही. आपण पहिला गुलाब थेट भाच्याच्या वाढदिवसाच्या केकवर काढायचा. मी काढला होता. पाहुण्यांपैकी एका काकूंनी कौतुकानं विचारलं, "सीताफळ का गं? गुलाबी केलंस, छान दिसतंय."

क्रीम फेटायला मे महिन्यातली दुपार निवडा. शेजारच्या शेगडीवर पोळ्या चालू असाव्यात. भांडं आणि बीटरची पाती आधी फ्रीजमध्ये ठेवायची असतात म्हणे, पण फ्रीजमध्ये आंब्याचा रस आहे, त्याला कोण हलवणार? बीटर लावून द्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचं काय झालं ते वाचायला घ्या. परत याल तेव्हा क्रीम टोक धरण्याची पायरी ओलांडून रवाळ झालेलं असेल. त्याला 'टेक्स्चर' म्हणायचं.

पिशवी काठोकाठ भरा. अर्धीच भरून, वरून पीळ देऊन, एका हातानं दाबायची आणि दुसऱ्यानं फक्त वळवायची, हा भित्र्या लोकांचा मार्ग. आपण टूथपेस्टसारखी मधोमध दाबायची. अर्धं क्रीम नोझलमधून येतं, अर्धं मागून मनगटावरून कोपरापर्यंत जातं. केकवर आधी क्रीमचा पातळ हात देऊन, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून, मग वरचा थर द्यायचा असतो, तेही सोडून द्या. चॉकलेट केकचा भुगा पांढऱ्या क्रीमभर पसरला की जुन्या वाड्यातल्या मोझॅक फरशीची आठवण येते. आजकाल व्हिंटेज चालतंच.

आता अक्षरं. बेकरीवाले इंग्रजीत 'हॅपी बर्थडे' का लिहितात, हे केकसमोर वाकल्याशिवाय कळत नाही. त्यात रफार नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. आपण मराठीचा अभिमान बाळगणारे, म्हणून अर्ध्या किलोच्या केकवर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' लिहायचं. कागदावर आधी लिहून बघू नका. टूथपिकनं खुणा तर मुळीच करू नका. 'वा' असा ऐसपैस काढा की त्याच्या कान्यापाशी केकचा चतुर्थांश संपावा. 'हार्दिक'चा रफार 'दि'च्या वेलांटीत पडेल आणि दोघांचा मिळून एक टेंगूळ होईल. 'शुभे' अगदी काठावर पोचेल. उरलेला 'च्छा' केकच्या कडेवरून खाली उतरवायचा. भाच्याचं नाव ताटावर.

हे सगळं चालू असताना स्वयंपाकघरात चकल्या करणारं कोणी असू देऊ नका. आमच्या सासूबाई तिथेच स्टुलावर बसून बघत होत्या. सोऱ्यातून दर दिवाळीला दोन किलोंच्या भाजणीची चकली पाडणारा हात तो, काटा मोडत नाही की वेढा तुटत नाही. न राहवून म्हणाल्या, "अगं, वरून पीळ की, मधे काय दाबतेस? आण इकडे." मी म्हटलं, "आई, हे वेगळं असतं, याचा कोर्स असतो." प्रमाणपत्र हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय, तेही दाखवलं.

त्यांनी स्टीलची ताटली ओढली आणि पिशवी धरली. पहिल्या दोन शिंपल्या वाकड्या गेल्या. तिसरी बरी आली. दहावीनंतर सगळ्या एका मापाच्या. मग त्यांनी चमच्यानं सगळं क्रीम खरवडलं, परत पिशवीत भरलं आणि दुसरी ओळ धरली.

मी तोवर फोटोसाठी नोझलं उंचीप्रमाणे लावत होते.