चोचले म्हणालात म्हणून एवढं लिहितोय

नमस्कार साहेब,

बॉल पायथन (घरी पाळला जाणारा छोटा आफ्रिकन अजगर) खायचं थांबला तर काय करावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली. ज्या वाक्यावर मला बोलायचंय ते जसंच्या तसं देतो, म्हणजे सोयीनं वाकवलं असं कुणी म्हणायला नको: "जनावर महिनाभर खात नाही आणि हे म्हणतात थांबा, उंदीर ड्रायरनं गरम करा, असले पांढरपेशी चोचले सोडा, जिवंत उंदीर आत टाका, अर्ध्या तासात निकाल."

आधी तुमचं बरोबर आहे ते. उंदीर धरायच्या चिमट्याची लांबी मी १२ सेंमी लिहिली होती, ती ३० हवी. आखूड चिमटा असला की साप उंदीर सोडून हाताच्या उबेवर झडप घालतो. दुरुस्त केलंय. आभार.

आता 'चोचले'. एका प्रतिक्रियेत हा शब्द तीनदा आलाय. तुम्ही सर्पमित्र आहात, शिराळ्याकडचे नाग-धामणी पकडून सोडता, त्याबद्दल आदर आहे. पण जनावर पकडून सोडणं वेगळं आणि वर्षानुवर्षं पेटीत सांभाळणं वेगळं. मी अकरा वर्षं बॉल पायथन सांभाळतोय. दर खाण्याची तारीख, वजन, तापमान वहीत आहे. चोचले करणारा माणूस वह्या भरत बसत नाही.

आणि 'थांबा' कुणाला म्हटलंय ते तरी वाचायचं होतं. १४०० ग्रॅमचा प्रौढ नर थंडीत तीन-चार महिने तोंड फिरवतो, वजन जेमतेम ५०-६० ग्रॅम उतरतं. त्याच्या मालकाला थांबा म्हटलंय. १०० ग्रॅमच्या पिल्लाला नाही. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा, मूळ वजनाच्या दहा टक्के उतरलं की डॉक्टर, हे त्याच परिच्छेदात आहे. तोंडातून फेस, श्वासाला शिट्टीसारखा आवाज किंवा हिरड्यांवर पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर, तेही आहे. डोळे दुधाळ झाले असतील, म्हणजे कात टाकायची वेळ असेल, तर भरवायला जाऊच नका.

साप खात नाही तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा दोष उंदरात नसतो, पेटीत असतो. सांगलीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बंद खोलीतही पारा बराच खाली येतो. या सापाला उबदार बाजूला ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजूला २५-२६ लागतात. ऊब नसेल तर पोटातलं पचत नाही, म्हणून तो घेतच नाही. बळंच गेलं तर चार दिवसांनी ओकतो, आणि ओकल्यावर निदान दोन आठवडे काही देता येत नाही. उन्हाळ्यात उलटं: एप्रिलमध्ये हवा कोरडी, जाळीच्या झाकणातून ओल उडून जाते. आर्द्रता ५५-६५ टक्के राहायला झाकणाचा तीन चतुर्थांश भाग बंद करा, खाली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला. लपायला दोन जागा हव्यात, एक उबेत, एक गारव्यात, आणि दोन्ही इतक्या अरुंद की वेटोळ्याच्या कडा भिंतींना टेकल्या पाहिजेत. मोठी ऐसपैस गुहा माणसाला आवडते, त्याला नाही. हे सगळं चुकलेलं असताना तुम्ही आत काहीही टाका.

ड्रायरची चेष्टा केलीत, म्हणून तेवढं सविस्तर. या सापाच्या वरच्या ओठावर खाचा असतात, त्यातून त्याला ऊब 'दिसते'. जंगलात उंदीर कोण गरम करून देतं, असं विचारलंत. साहेब, जंगलातला उंदीर मुळातच गरम असतो. फ्रीजरमधला मेलेला नसतो. म्हणून आदल्या रात्री तो खालच्या कप्प्यात काढून ठेवायचा. संध्याकाळी पिशवीत बंद करून हाताला सोसेल अशा कढत पाण्यात १५ मिनिटं. पोट दाबून बघायचं. आत गोळा लागला तर अजून बर्फ आहे. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, कुठं शिजतो, कुठं गार राहतो, आणि पोट फुटतं ते वेगळंच. पूर्ण पुसून कोरडा करायचा, मग फक्त डोक्यावर दहा-पंधरा सेकंद ड्रायर, ३८-४० अंशांपर्यंत. दिवा घालवून, शेपटीकडून धरून, गुहेच्या तोंडाशी हळू हलवायचा. नाकावर नाचवायचा नाही. दहा मिनिटांत घेतला नाही तर तिथंच ठेवून निघून जायचं, सकाळी फेकायचा, परत गोठवायचा नाही. पुढचा प्रयत्न आठवड्यानं. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही.

जिवंत उंदरावर तो झडप घालेल, हे मी कधीच नाकारलेलं नाही. काही हट्टी साप सुरुवातीला तेवढंच घेतात, मान्य. पण भूक नसलेला बॉल पायथन उंदरासमोर डोकं आत घेऊन गोळा होऊन बसतो, आणि उंदीर त्याची पाठ कुरतडत राहतो. रात्रभर ठेवला तर सकाळी मणके उघडे पडलेले असतात. म्हणून द्यायचाच झाला तर समोर बसून, पंधरा मिनिटं, मग बाहेर. 'आत टाका' हे दोन शब्द वाचून कुणी नवखा झोपी गेला, तर तो निकाल तुमच्या खात्यावर.

बाकी मुद्दे सोडतो. परदेशी साप पाळावाच कशाला, हा वेगळा वाद आहे. माझ्या जनावरांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर आहे. आपला देशी अजगर कुणी घरात ठेवला तर तो १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि हे तुम्हाला मी सांगायची वेळ यावी याचं नवल वाटतं.

परत लिहाल तेव्हा सापाचं वजन, उबदार बाजूचं तापमान आणि शेवटचं खाल्लेली तारीख लिहा. तेवढं आलं की उत्तर नक्की देईन, चोचल्यांसकट.