मरायचंय तर एकदाची मर ना!

आज सकाळी पुन्हा तेच. कॉम्प्युटरचं बटण दाबलं, पंखे गरगरले आणि काळ्या पडद्यावर ती पांढरी ओळ: ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. सिलेक्ट काय करू, कपाळ? बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जाऊन बघतो तर हार्ड डिस्कच्या जागी ‘नॉट प्रेझेंट’. काल रात्री साडेअकरापर्यंत मी हिच्यावरच काम करत होतो! रात्रीत गेली कुठे? चार स्क्रूंनी आवळून ठेवलेली वस्तू आहे ती, भटकायला जाणारं मांजर नाही.

वैतागून रीसेट दाबलं. आली. जणू काही झालंच नव्हतं.

दोन महिने हा तमाशा चाललाय. मेलेली डिस्क परवडली हो! मेली की थोडं हळहळायचं, नवीन आणायची, विषय संपला. ही मरत नाही आणि धड जगतही नाही. कधी दोन दिवसांत दडी मारते, कधी अकरा दिवस गुणी बाळासारखी वागते. आणि दडी मारायला मुहूर्त कुठला, तर मला घाई असते तोच.

या बिघाडाची खरी लबाडी कशात आहे सांगू? काहीही करा, लागू पडतं! डेटा केबल काढून घट्ट बसवली, चालू. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलला, चालू. ती केबल बोर्डात जिथे खुपसतात तो पोर्ट बदलला, चालू. दर वेळी मी बाहेर येऊन घरभर जाहीर केलं, “सापडलं एकदाचं!” तिसऱ्या वेळेपासून घरातल्यांनी मान वर करणंही सोडलं. आणि चुकलं काय त्यांचं? जी वस्तू आपल्या लहरीने अकरा दिवस नीट चालू शकते, ती चार दिवस चालली म्हणून मी कसला विजय साजरा करत होतो? एक गोष्ट बदलायची आणि दोन आठवडे गप्प बसायचं, मग दुसरी. संशयित चार म्हटले तरी दोन महिने गेलेच. एवढा धीर असता तर मी कॉम्प्युटर कशाला घेतला असता, झाडं लावली असती. एका रविवारी संतापात केबल, पोर्ट आणि बायोसची सेटिंग असं सगळं एकदम बदललं. नऊ दिवस चाललं. यातलं लागू काय पडलं, हे शोधायचा त्रास तिने दहाव्या दिवशी स्वतःच वाचवला.

वर सल्ले देणारे आहेतच. “फॉरमॅट मार.” अरे, जी दिसतच नाही तिला मारू कुठे? “विंडोज नवीन टाक.” बायोसला दिसत नाही म्हणतोय, तिथे विंडोजचा संबंध काय? “रॅम काढून खोडरबराने घास.” घासली. चकचकीत झाली, तिचा काही दोष नव्हता तरी. एकाने तर डिस्क पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं. म्हणजे बाहेर काढल्यावर आतल्या तबकड्यांवर दव धरायचं आणि उरलंसुरलंही जायचं. जो माणूस अख्ख्या कॅबिनेटला सीपीयू म्हणतो (सीपीयू ही आतली एक चिप!) त्याचाही सल्ला मी ऐकून घेतलाय, यावरून माझी अवस्था ओळखा.

दुरुस्तीवाल्याकडेही नेलं. दुखणं वैद्याच्या दारात थांबतं ना, तसंच. त्याने माझ्यासमोर वीस वेळा चालू-बंद केलं आणि वीसही वेळा ही बया हजर! तो माझ्याकडे असं बघत होता की जणू मला कॉम्प्युटर सुरू करता येत नाही. म्हणे, “काही प्रॉब्लेम नाही, घरची लाइट चेक करा.” घरी आणलं, चौथ्या सकाळी गायब.

आता साटा नावाच्या त्या केबलबद्दल बोलतो, कारण माझ्या बोटांची सालटी तिनेच काढलीत. डेटाचं टोक सात पिनांचं, पॉवरचं पंधरा. दोन्ही चपट्या प्लास्टिकच्या जिभेवर नुसती सरकवलेली. जुन्या केबलींना तर खिटीसुद्धा नसायची, धक्का लागला की सैल. खिटी आली ती नंतर. आणि आतल्या जोडणीचा हिशोब धरलाय साधारण ५० वेळा घालण्या-काढण्याचा. पन्नास! दोन महिन्यांत निम्मे मीच संपवले असतील. म्हणजे बिघाड शोधता शोधता नवीन बिघाड तयार करायची सोयही झाली. पोर्टवरही पूर्ण विश्वास ठेवायची सोय नाही. ३१ जानेवारी २०११ ला खुद्द इंटेलने जाहीर केलं होतं की त्यांच्या नव्या चिपसेटचे, म्हणजे मदरबोर्डवरची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या चिपचे, चार साटा पोर्ट वापराबरोबर हळूहळू खराब होऊ शकतात. माझा बोर्ड त्यातला नाही, पण हे वाचलं त्या रात्री झोप लागली नाही.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ना, ते स्मार्टचे आकडे बघितले. ५ आणि १९७ या ओळी शून्यावर, म्हणजे तबकडीवर खराब जागा नोंदलेल्या नाहीत. १९९ मध्ये मात्र ४१. ही ओळ डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीत झालेल्या चुका मोजते, म्हणून बोट केबलकडे जातं. नवी केबल लावली. तरी ४१! केबलला, ती बनवणाऱ्याला, स्वतःला, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. दोन दिवसांनी कळलं की तो आकडा कधी मागे येतच नाही. ४१ वर थांबला, हीच चांगली बातमी होती. हे तिथेच कुठेतरी लिहायला काय जातं रे? आणि ती गायब असते तेव्हा विंडोजच्या नोंदीतही काही सापडत नाही. कसं सापडेल? विंडोज हिच्यावरच आहे. हिच्या गैरहजेरीची नोंद हिच्याच वहीत करायची, आणि वही घेऊन ही पसार!

आज मात्र रीसेट दाबल्यावर डोक्यात काहीतरी हललं. दर वेळी रीसेटवर येते. दुपारी रीस्टार्ट केला तर कधीच रुसलेली नाही. रुसते ती फक्त रात्रभर बंद राहिल्यावर, पहिल्या बटणाला. आता रीसेटने वीज तुटत नाही, तबकड्या फिरतच राहतात. पहिल्या बटणाला मात्र थंड पडलेल्या तबकड्यांना शून्यापासून मिनिटाला ७२०० फेऱ्यांपर्यंत न्यायचं असतं. त्या काही सेकंदांत ही १२ व्होल्टच्या तारेवर दोनएक अँपिअर ओढते, एकदा फिरायला लागली की अर्ध्या अँपिअरच्या आसपास भागतं. म्हणजे तेवढे सेकंद वीज कमी पडली, की बायोस हाक मारून पुढे निघून जातं आणि ही अजून उठतेच आहे! दोन महिने दर सकाळी हे उत्तर मी स्वतःच्या बोटाने दाबत होतो आणि फक्त शिव्या देत होतो.

बायोसमध्ये १२ व्होल्टचा आकडा मी आधी बघितला होता, १२.१. ठरलेली मर्यादा ११.४ ते १२.६, म्हणून एसएमपीएसला, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्याला, निर्दोष सोडलं होतं. पण तो आकडा मदरबोर्डपाशी मोजलेला, तोही सगळं शांत झाल्यावर. डिस्कपाशी पहिल्या सेकंदाला काय पोचतंय हे त्याला काय माहीत?

मग एसएमपीएसपासून निघालेली तार बोटाने चाचपत डिस्कपर्यंत गेलो. मध्ये दोन फाट्यांची एक जोड-केबल. एका तोंडाला डिस्क, दुसऱ्याला दोन पंखे. पिवळी तार, म्हणजे बारा व्होल्टचीच, सॉकेटातून अर्धी मागे सरकलेली, आणि तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. तपकिरी! जळायच्या बेतात होतं ते. आणि ही जोड-केबल लावली कोणी? गेल्या उन्हाळ्यात, पंखे वाढवायचे म्हणून, मोठ्या हौसेने? मी. डेटा केबल तीनदा बदलली, सेल बदलला, रॅम घासली, त्या दुरुस्तीवाल्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं, आणि या दीड वीत तारेकडे एकदाही बघितलं नाही, कारण ती मी लावलेली होती.

ती उपटून फेकली. डिस्क थेट एसएमपीएसच्या तारेवर जोडली, पंखे दुसरीकडे. चालू केलं. आली. अर्थात येणारच, आजवर काहीही केलं की आलीच आहे.

आता बाहेरच्या डिस्कवर सगळं उतरवून घेतोय, ६३ टक्के झालंय. कॅबिनेटचं झाकण लावलेलं नाही, त्याचे स्क्रू टेबलावर वाटीत आहेत, आणि निदान दोन आठवडे तिथेच राहतील. मघाशी आतून आवाज आला, “काय, सापडलं का?”

मी ऐकू न आल्यासारखं केलं.