गुलशनाबादचा राखणदार

मुघलांनी नाशिकचं नाव गुलशनाबाद ठेवलं होतं. ठेवायला काय जातं, पहाटे 5 वाजता उठून राखण त्यांना थोडीच करायची होती! ती मी करतो. पंचवटीतलं आमचं रो हाऊस, पुढे चटईएवढं अंगण आणि त्यात 7 मोगरे, 4 गुलाब, कुंपणाला टेकलेली एक जास्वंद.

मार्च लागला की मोगरा असा फुटतो की विचारू नका. संध्याकाळी कळ्या टपोऱ्या होतात, दिवेलागणीनंतर उमलायला लागतात. सकाळी चहाचा कप घेऊन निवांत वास घ्यावा, एवढीच माझी माफक इच्छा. पण सकाळी बाहेर यावं तर नुसता पाला. काल रात्री मोजलेल्या 43 कळ्यांतली एक शिल्लक असायची, तीही किडकी.

एके दिवशी दबा धरून बसलो. साडेपाचला फाटकाची कडी वाजली. नऊवारीतल्या एक आजी, हातात दुधाची रिकामी पिशवी आणि कमरेला खोचलेली चक्क आकडी! मी खाकरलो. त्या दचकल्या नाहीत.

"उठलास का? बरं झालं. ती वरची जास्वंद वाकव जरा, माझा हात पुरत नाही."

मी वाकवली. संस्कार आडवे येतात.

"चैत्रात काळारामाचं नवरात्र असतं, फुलं लागतात," असं त्यांनी पिशवीला गाठ मारताना मलाच समजावलं. मग मोगऱ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. "फूल बारीक पडलंय यंदा. छाटला नव्हतास ना?"

नव्हता छाटला. आजींचं माहेर पिंपळगावचं, द्राक्षबागेतलं. छाटणी हा विषय त्यांना बाराखडीसारखा पाठ. पुढच्या जानेवारीत त्यांनी मला उभं करून मोगऱ्याची पानं ओरबाडायला लावली, फांद्या छाटायला लावल्या, आठ-दहा दिवस पाणी तोडायला लावलं. "ताण बसल्याशिवाय बहर येत नाही." झाडाला ताण बसला. मला त्याहून जास्त. बायको रोज विचारायची, मेली का झाडं? कुंड्यांना कांद्याच्या सालींचं पाणी घालायचं, तेही आजींचंच फर्मान. नाशकात कांद्याच्या सालींना काय तोटा, पण त्या वासानं पोरांनी अंगणात पाऊल टाकणं बंद केलं.

मार्चमध्ये मात्र मोगरा फुलला तो असा की येणारेजाणारे फाटकाशी थांबायला लागले. रात्री 112 कळ्या मोजल्या. सकाळी 9 उरल्या. गेल्या वर्षीच्या मानाने ही प्रगतीच म्हणायची.

परवा गुलाबाच्या कोंबांवर हिरवा मावा दिसला. कडुनिंबाच्या तेलाची बाटली काढतो तोच फाटकाबाहेरून आवाज आला.

"आज नको रे फवारू. उद्या मी तोडून नेते, मग फवार. देवाला वास लागतो."