अडीच पुस्तकांचा एक वडापाव

आमच्या शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, दादरची मराठी शाळा, दहावीची ९९ची बॅच. निम्मे अजून मुंबईत, थोडे पुण्याला आणि माझ्यासारखे पाच-सहा बाहेर. २०२५च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला तेव्हा हा ग्रुप असा काही पेटला होता की विचारू नका, सकाळी उठून बघावं तर दीड-दोनशे मेसेज, मराठी शाळा वाचवा, मुलं मराठी वाचतच नाहीत, आपण लहानपणी किती वाचायचो वगैरे वगैरे. मी पण इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये बसून हिरिरीने टाइप करत होते, खोटं कशाला बोलू. २९ जूनला सरकारने जीआर मागे घेतला, ग्रुपवर जल्लोष झाला, आणि त्याच रात्री जी मैत्रीण सगळ्यात जास्त भांडत होती तिचा मला वेगळा मेसेज आला, "अगं तुझ्या त्या नव्या पुस्तकाची पीडीएफ पाठव ना, ग्रुपवर टाकते, सगळ्यांची मुलं वाचतील."

पुस्तकाची किंमत ८० रुपये आहे.

आता तिच्यावर राग नाहीये माझा, तिने प्रेमानेच मागितलं. पण तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय, की मुलं वाचत नाहीत यावर आपण तासन् तास बोलू शकतो पण त्यांच्यासाठी जो कोणी लिहितो त्याचं घर कशावर चालतं हा प्रश्न आपल्याकडे कोणी काढतच नाही. काढला तर तो माणूस पैशाला हपापलेला ठरतो.

डिसेंबरात मुंबईला गेले होते तेव्हा परळ भागातल्या एका शाळेत बोलावलं होतं, सहावीचा वर्ग, पन्नासेक मुलं. दीड तास मस्त गेला. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं तर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला एका पुस्तकाचे किती पैसे मिळतात?" बाई लगेच, "बस खाली, पाहुण्यांना असं विचारतात का?" गंमत म्हणजे हाच प्रश्न मला लेस्टरच्या प्रत्येक शाळेत येतो, पहिल्या पाचातच येतो, आणि तिथली टीचर नुसती हसते. मी म्हटलं असू दे बाई, चांगला प्रश्न आहे, आणि खडू घेऊन फळ्यावर लिहिलं. किंमत ८०. लेखकाचे १० टक्के. म्हणजे ८ रुपये. मग तोच पोरगा बसल्या जागेवरून ओरडला, "म्हणजे अडीच पुस्तकांचा एक वडापाव!" अख्खा वर्ग हसला, मी पण हसले. मग मला शाल, श्रीफळ आणि गुलाबाचं फूल दिलं, चहा-बिस्कीट झालं, आणि टॅक्सीचे पैसे मीच दिले. शालींचा ढीग एव्हाना आईच्या कपाटात मावत नाही, ती म्हणते पुढच्या वेळी रोख मागून बघ.

आणि ते १० टक्के पण कागदावरचे बरं का. हजार प्रतींची आवृत्ती काढायची पद्धत होती, आता प्रकाशक पाचशेच काढतात, कधी तीनशे. पाचशेच्या पाचशे खपल्या तरी माझे ४,००० रुपये होतात, ते पण दोन-तीन वर्षांत मिळून, आणि हिशोब मी मागितला तर. एका ठिकाणी रॉयल्टीऐवजी "तुम्ही पंचवीस प्रती घ्या ना ताई" असं झालं. चित्रकाराचं तर अजून वाईट, एकरकमी काय ते घ्या आणि विसरा, लहान मुलांच्या पुस्तकात निम्मी गोष्ट चित्रात असते तरी.

आता कोणी म्हणेल तू परदेशात बसून शिकवू नकोस, तिकडे सगळं गोडच असणार. तर नाहीये. २०२२मध्ये इथल्या लेखकांच्या कमाईचा सर्व्हे झाला होता, त्यात निम्म्याहून जास्त वेळ लिखाणातच घालवणाऱ्यांची मधली कमाई, म्हणजे निम्मे त्याच्या वर आणि निम्मे खाली, निघाली वर्षाला ७,००० पौंड, २००६मध्ये ती १२,३३० होती. सुपरमार्केटच्या काउंटरवर पूर्णवेळ उभं राहिलं तर याच्या दुपटीहून जास्त मिळतात. मी स्वतः आठवड्यातले तीन दिवस ऑफिसची नोकरी करते म्हणून लिहू शकते. शिवाय मुलांच्या पुस्तकांचं शेल्फ बघाल तर समोर टीव्हीवरच्या प्रसिद्ध लोकांची पुस्तकं, आम्ही आपले खाली, कण्याकडून दिसू असे. आणि मार्चचा पहिला गुरुवार म्हणजे इथला वर्ल्ड बुक डे, त्या आठवड्यात प्रत्येक शाळेला लेखक हवा असतो, उरलेलं वर्ष फोन वाजत नाही. चार दिवसांत चार शाळा, रोज तीन सेशन, समोर पुस्तकातल्या पात्रांचे कपडे घालून बसलेली पोरं, शुक्रवारी माझा घसा बसलेला असतो. पण बिल मी पाठवते. दिवसाचे ४५० पौंड, ट्रेनचं तिकीट वेगळं, आणि शाळेच्या ऑफिसला त्यात काही वावगं वाटत नाही, प्लंबरचं बिल देतात तसंच देतात.

आणखी एक गोष्ट आहे, तिचं मला जास्त अप्रूप. इथे सार्वजनिक लायब्ररीतून पुस्तक कोणी घरी नेलं की लेखकाला सरकारकडून थोडे पैसे मिळतात, पब्लिक लेंडिंग राइट म्हणतात. त्याचा दर वर्षागणिक बदलतो, साधारण पुस्तक एकदा नेण्याचे दहा ते पंधरा पेन्स धरा, आणि एका लेखकाला वर्षाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड. चित्रकारालाही वाटा असतो. माझं इंग्रजीतलं एक छोटं पुस्तक आहे त्याचे मागच्या वर्षी पंचवीस पौंड आले. पंचवीस पौंडात काही होत नाही, पण कुठल्या तरी गावात कोणीतरी ते पोरासाठी घरी नेलं हे त्या कागदावर आकड्यात दिसतं. आणि हे इंग्रजांना आपणहून सुचलेलं शहाणपण नाही हं. १९५१मध्ये जॉन ब्रॉफी नावाच्या कादंबरीकाराने पुस्तकामागे एक पेनी द्या म्हणून सुचवलं, लोकांनी ऐकलं नाही. मग १९७२पासून त्याची मुलगी ब्रिजिड ब्रॉफी आणि मॉरीन डफी वगैरे लेखकांनी त्यासाठी गट काढून भांडण लावून धरलं, कायदा झाला १९७९ला आणि पहिले पैसे हातात पडले १९८४ला.

आपल्याकडे वाचनालयं कमी आहेत का? दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं आहे, महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७चा, अनुदानावरची वाचनालयं दहा हजारांच्या वर. पण खरं सांगू, उद्या कोणी लेखकांना असे पैसे द्या म्हणून मोर्चा काढला तर मी नाही जाणार. त्या वाचनालयातल्या काउंटरवरच्या माणसाला पगार काय मिळतो ते मला माहितीये, अनुदान उशिरा येतं, त्याच्या आधी माझा वडापाव नको. मला ज्याला सरकार लागत नाही तेवढंच हवंय. शाळेने बोलावलं तर पाकीट द्यावं, पाचशेचं का असेना, नारळ नको. प्रकाशकाने वर्षातून एकदा न मागता हिशोब पाठवावा. आणि वर्गातला पोरगा पैशाचं विचारतो तेव्हा त्याला खाली बसवू नये, कारण त्याच्यातच उद्याचा लेखक असला तर त्याला आत्ताच कळू दे ना बाबा गणित काय आहे ते.

तर पीडीएफ मी पाठवली नाही. खूप वेळ टाइप करून खोडत बसले, शेवटी मैत्रिणीला दादर स्टेशनजवळच्या दुकानाचा पत्ता पाठवला आणि लिहिलं की तिथे मिळेल, ८० रुपये, दहा टक्के सूट पण देतात. तिने अंगठ्याचा इमोजी टाकला. अजून कोणी गेलंय की नाही माहीत नाही, स्टेटमेंट आलं की कळेल. आलं तर.