‘नवा त्रास म्हणजे नवा अटॅक’? आत्याच्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर आत्याने एक मेसेज टाकला. मजकूर थोडक्यात असा: एमएसच्या, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसच्या पेशंटला काहीही नवीन झालं की तो अटॅकच, एक दिवसही न घालवता स्टिरॉइडचं सलाईन लावून घ्यावं. एकदा एमएस निघाला की बाकीच्या तपासण्यांवर पैसे घालू नयेत, सगळं त्यातलंच असतं. नसा आखडतात म्हणून रोज कडक पाण्याचा शेक घ्यावा, व्यायाम बंद करावा. वर्षभर अटॅक आला नाही तर औषध थांबवावं. आणि मुलीला एमएस असेल तर लग्न, मूल विसरावं, पाच वर्षांत व्हीलचेअर ठरलेली. खाली हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ’.

मला एमएस होऊन नऊ वर्षं झाली. मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात मी हिशेब लिहिते, अजूनही. डॉक्टर नाही मी. पण यातली निम्मी वाक्यं माझ्या अंगावरून गेलेली आहेत, म्हणून एकेक घेते.

पहिलं वाक्य सगळ्यांत घातक, कारण ते अर्धं खरं आहे. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यामागची नस यांच्यावरचं मायलिन नावाचं आवरण खरवडते. तारेवरचं इन्सुलेशन गेलं की काय होतं, ते उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या कुणालाही विचारा. नव्या जागी सूज आली की तो अटॅक. डॉक्टर तो धरतात तेव्हा पाहतात की त्रास किमान २४ तास टिकलाय, ताप किंवा संसर्ग नाही आणि आधीच्या अटॅकला ३० दिवस होऊन गेलेत. पण आधीच सोललेल्या जुन्या तारेतून सिग्नल कसाबसा जात असतो. अंगाचं तापमान अर्धा अंश चढलं तरी तो अडकू शकतो, आणि जुनाच त्रास नव्यासारखा समोर उभा राहतो. अंग गार झालं की निघून जातो. श्रमानंतर पेशंटची नजर अंधूक होते, हे विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच लिहून ठेवलंय.

मला ते जोतिबाच्या पायऱ्यांवर कळलं. एप्रिलचं ऊन होतं. डावा डोळा, ज्याच्यावरून माझं निदान झालं तोच, धुरकट झाला आणि पाय शिशाचा. भाऊ गाडी काढायला निघाला, ‘ॲडमिट करूया’ म्हणत. मी सावलीला बसले, मानेवर ओला नॅपकिन, हातात ताक. अर्ध्या तासात समोरच्या माणसाच्या कपाळावरचा गुलाल परत गुलाबी दिसायला लागला. त्याआधी तो राखेसारखा दिसत होता.

दुसरी खेप एवढी सोपी नव्हती. पावसाळ्यात दोन दिवस दोन्ही पाय उचलेनात, अंगात बारीक कणकण. एका दवाखान्यात स्टिरॉइडची तयारीसुद्धा झाली. माझ्या न्यूरोलॉजिस्टनी फोनवर एवढंच विचारलं, ‘लघवी तपासली का?’ जळजळ अजिबात नव्हती, म्हणून ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एमएसमध्ये मूत्राशय पुष्कळदा पूर्ण रिकामं होत नाही, जाणीवही बोथट होते, त्यामुळे संसर्ग गुपचूप शिरतो. कल्चरमध्ये जंतू निघाले, अँटिबायोटिक सुरू झालं आणि चौथ्या दिवशी मी जिना उतरले. तेव्हा स्टिरॉइड चढवलं असतं तर त्या जंतूंना रान मोकळं मिळालं असतं.

स्टिरॉइड वाईट नाही. खऱ्या, जोरकस अटॅकला मिथिलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस देतात. त्याने भरून यायला वेग येतो. पण शेवटी किती भरून येईल, हे त्याने फारसं बदलत नाही. बदल्यात साखर चढते, झोप उडते, आणि वारंवार घेतलं तर हाडं ठिसूळ होतात. बोटांना हलक्या मुंग्या आल्या असतील तर डॉक्टर नुसतं थांबायलाही सांगतात.

उलट बाजूही सांगते, नाहीतर माझाच मेसेज उद्या फिरेल. एका डोळ्याचं दिसणं गेलं, पाय ढिले पडले, लघवी अडली, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. आणि तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हात लुळा पडणं हे एका मिनिटात, अचानक झालं, तर ‘एमएसच असेल’ म्हणत घरी बसायचं नाही. अटॅक तासांत, दिवसांत वाढत जातो. असं झटक्यात आलेलं पक्षाघाताचं असू शकतं. १०८ लावायचा.

यातच दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर आलं. माझा उजवा हात रात्री बधिर व्हायचा, तेव्हा मीही सहा महिने ‘त्यातलंच’ म्हणून सोसलं. बधिर काय व्हायचं, तर अंगठा आणि शेजारची दोन बोटं. मनगटात नस दबली होती, दिवसभर कीबोर्ड बडवून. रात्री मनगटाला पट्टा लावला, उतरलं. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं होणं एमएसमध्ये असतं, मलाही होतं. पण पहिल्यांदा झालं तेव्हा ईसीजी आधी काढला, आणि बरोबरच केलं. थायरॉइड, बी-१२, पित्ताचे खडे, हे सगळं एमएसवाल्यांनाही होतं. आजार एकाला एकच या हिशेबाने वाटलेले नसतात.

आता ‘नसा आखडतात’. आपल्या बोलण्यात नस दबते, नस चढते, नस फुगते. रक्ताची वाहिनीही नसच आणि मेंदूची तारही नसच. त्यामुळे शेक पटकन पटतो. पण वर सांगितलेला उन्हाचा खेळ कडक पाण्यालाही लागू आहे. एमआरआय नव्हतं त्या काळी डॉक्टर संशयित पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वर येतात का बघायचे! शिवाय बधिर पायाला चटका कळत नाही. व्यायामाबद्दलचं वाक्यही जुन्या काळातलं. पूर्वी डॉक्टरही मनाई करायचे, आता करायलाच सांगतात. मी पहाटे सहाला रंकाळ्यावर असते, ऊन चढायच्या आत घरी.

औषध थांबवण्याचं वाक्य वाचून मात्र मला राग आला. वर्षभर शांतता आहे ती बहुतेकदा औषधामुळेच. अंगात काहीही जाणवत नसताना एमआरआयवर नवे डाग उमटू शकतात. फिंगोलिमोडसारखी गोळी एकदम बंद केली तर आजार आधीपेक्षा जोरात उसळल्याची उदाहरणं आहेत. लोक औषध सोडतात ते मेसेज वाचून कमी, पैशापायी जास्त, हे मला माहीत आहे. तसं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, त्यात लाज कसली? १९९३ मध्ये अमेरिकेत एमएससाठी पहिलं इंटरफेरॉन, म्हणजे अटॅक कमी करणारं इंजेक्शन, मंजूर झालं तेव्हाची परिस्थिती आता नाही. भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आहेत. रिटुक्सिमॅब तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये एमएससाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. यातली बरीच औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून ताप आला की कळवायचं, एवढं पथ्य.

लग्न आणि व्हीलचेअर. पाच वर्षांचा हिशेब कुणी केला ठाऊक नाही, माझी नऊ झाली. काहींना आधार लागतो, लवकरही लागतो, ते मी नाकारत नाही. पण ते ठरलेलं नसतं. गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत अटॅक उलट कमी होतात, बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात. हे १९९८ च्या युरोपातल्या अभ्यासात दिसलं. टेरिफ्लुनोमाइडसारखी औषधं मात्र आधीच बंद करावी लागतात, म्हणून डॉक्टरांशी बोलणं दिवस राहण्याच्या अगोदर व्हायला हवं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. रात्री आत्याचा फोन. मला वाटलं, रागावली. तर म्हणाली, ‘शेजारच्या पोरीसाठी टाकला होता गं तो. तिला पण तुझंच हाय. परवापासनं ताप आणि पाय जड झाल्यात, उद्या सलाईन लावणार म्हणं.’ थोडं थांबून म्हणाली, ‘लघवी तपासायला उपाशीपोटी जायचं असतंय का?’